गंजीवरची राख आणि रजिस्टरातला शेरा

अन्याय झाला तो आमच्या गावातल्या बावीस बायकांवर. कधी झाला तेही लिहिते, म्हणजे नंतर कुणी ‘असं काही आठवत नाही’ म्हणायला नको: दोन वर्षांपूर्वी, गुढीपाडव्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता. आमच्या गावापासून एसटीनं तासाभराच्या वाटेवर तेलाचा एक कारखाना आहे. तिथल्या खरेदीच्या साहेबांनी त्या वेळी रजिस्टर उघडलं, लाल पेन घेतलं आणि आमच्या बचत गटापुढं लिहिलं: ‘मालात भेसळ. पुरवठादार विश्वासार्ह नाही. पुरवठा बंद.’ तीन वाक्यं. बावीस जणींपैकी एकीलाही विचारलं नाही. त्या गेटबाहेर ट्रॅक्टरच्या सावलीत बसून होत्या. शेऱ्याची नक्कल शिपायानं बाहेर आणून दिली आणि ती मी त्यांना वाचून दाखवली.

मी वाचून दाखवली, कारण तो माल माझ्यामुळं तिथं गेला होता.

माझी पीएचडी कोळशाबरोबर शेतातली काडी जाळण्यावर आहे. आमच्याकडं कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते, कमरेइतकी उंच, वाळलेली, लाकडासारखी टणक. थोडी चुलीला जाते. बाकीची शेतकरी बांधावर ओढून पेटवून देतात, आणि फेब्रुवारीत जिंतूर-चारठाण्याच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना धुराच्या रेघा दिसतात. त्याच रस्त्यानं कोळशाचे ट्रक कारखान्याकडं जात असतात. तो कोळसा कुठून कुठून येतो, वाफ करतो, थोडी वीज करतो. मला यात सरळसरळ मूर्खपणा दिसत होता. चार पाट्या कोळसा जळतो तिथं तीन पाट्या कोळसा आणि एक पाटी पऱ्हाटी जाळली तर बॉयलर नीट चालतो का, एवढाच माझा प्रश्न. कारखान्यानं चाचणीला होकार दिला. चाचणी जमली तर दर वर्षी माल घेऊ, असंही सांगितलं. गावातल्या बायकांनी लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यानं पऱ्हाटी उपटली, मोळ्या बांधल्या, गंजी रचली, दोन महिन्यांनी कुट्टी मशीनवर तिचे बोटाएवढे तुकडे केले.

हे काम त्यांच्यासाठी काय होतं ते नीट समजून घ्या. आमच्या वस्तीतल्या बायका दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वीटभट्टीवर जातात. मुकादम टेम्पो घेऊन येतो, भांडी चढतात, लेकरं चढतात. लेकरांची वार्षिक परीक्षा राहते ती राहतेच. पऱ्हाटीचं काम म्हणजे गावात राहणं. त्या वर्षी मुकादम आला तेव्हा बावीसच्या बावीस जणींनी त्याला ‘न्हाई’ म्हणून सांगितलं होतं. पुरवठा बंद झाल्याची बातमी त्याला आमच्या आधी कळली असावी, कारण सोमवारी संध्याकाळीच त्याचा निरोप आला: पुढच्या बुधवारी टेम्पो येतो, तयार राहा.

म्हणजे आमच्या हातात नऊ दिवस होते.

आता माझी चूक सांगते. ती लपवली तर या लिखाणाला काही अर्थ नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अकरावीत वसतिगृहात असताना पहिलं पत्रक काढलं, ‘अळ्या कुणाच्या, डाळ कुणाची?’ त्यानंतर बसपासपासून शिष्यवृत्तीपर्यंत कशावर काढलं नाही ते विचारा. पत्रकाचा एक नियम असतो: पहिल्या ओळीत आरोपी सापडला पाहिजे. तो सापडला नाही तर वाचणारा पुढं वाचत नाही. ही सवय अंगात इतकी मुरली होती की सोमवारी गेटवरून परत येताना एसटीतच मी आरोपी शोधून ठेवला.

चाचणीत झालं असं होतं. सकाळी बॉयलर छान चालला. दुपारी आतल्या जाळीवर राख वितळून गोळे बसायला लागले. काळे, काचेसारखे चमकणारे, नारळाएवढे. जाळीतून हवा वर येईना. शेवटी बॉयलर थंड करून सळईनं गोळे फोडावे लागले. प्रयोगशाळेचा कागद आला त्यात पऱ्हाटीत राख हवी त्याहून कितीतरी जास्त निघाली होती. मी लगेच हिशोब मांडला: राख जास्त म्हणजे माती मिसळली. माती बायका कशाला मिसळतील? मग राहिला कोण? ट्रॅक्टरवाला. त्यानं वाटेत माती टाकून माल जड केला असणार.

मंगळवारी सकाळी पत्रक छापून आलं. ‘माती कुणी मिसळली? बावीस बहिणींच्या पोटावर पाय कुणी दिला?’ खाली ट्रॅक्टरवाल्याचं नाव, गाव. पाचशे प्रती. बसस्टँडवर, पिठाच्या गिरणीवर, चहाच्या टपरीवर स्वतः चिकटवल्या. फार चांगलं वाटलं. त्या चांगलं वाटण्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुपारी विद्यापीठात सरांना भेटले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, वाईट माणूस नाही, थकलेला माणूस आहे.

“नापास हासुद्धा निष्कर्ष असतो,” ते म्हणाले. “‘या भागातली पऱ्हाटी बॉयलरसाठी अयोग्य’ असं लिही. प्रकरण संपव, पुढं जा.”

“सर, कोळशात दगड येतात. फायरमन रोज पाटीभर दगड बाजूला फेकतो. कोळशाच्या पावतीवर कुणी ‘भेसळ’ लिहिलं का कधी?”

“हे प्रबंधात लिहिता येत नाही.”

“मग कुठं लिहायचं?”

सर हसले. “पत्रकात. तू काढतेसच की.”

त्यांनी टोमणा मारला की सल्ला दिला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परत येताना कारखान्यावर उतरले. बॉयलरवर जो फायरमन आहे त्याला सगळे चाचा म्हणतात. उभं आयुष्य आगीसमोर गेलेला माणूस, भुवया कायमच्या जळालेल्या. त्यानं एक गोळा फडक्यात बांधून माझ्यासाठी ठेवला होता.

“ले जा बेटी,” चाचा म्हणाला. “साहेब के कागज से ये ज्यादा बोलेगा. आणि एक सांगतो. माती जळाल्यावर असा गोळा होत न्हाई. मातीचा गोळा भुसभुशीत. ह्यो काच झालाय. ह्यात दुसरंच काय तरी हाय.”

माती नाही? मग पाचशे पत्रकं?

संध्याकाळ व्हायच्या आत गावात पोचले. विहारासमोर लिंबाखाली गटाची बैठक बसलेली होती. बैठक कसली, सुतकच. गटाची अध्यक्ष माझी सख्खी मावशी. तिनं बारा वर्षं वीटभट्टीवर काढली आहेत. मी फडकं सोडून गोळा तिच्या पुढ्यात ठेवला.

मावशीनं तो उचलला, उन्हाकडं धरला, नखानं खरवडला. “कुठं सापडलं हे?”

“बॉयलरमधी. आपल्या पऱ्हाटीचं झालंय.”

“हे तर खंगर हाय.”

“खंगर?”

“इटा जास्त भाजल्या की एकमेकीला चिकटून काच होत्यात, त्याला खंगर म्हणत्यात. मुकादम शिव्या घालतो बघ, त्याच्यासाठीच. मातीत राख जास्त पडली की हमखास व्हतंय. लवकर वितळती ना राखेनं.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “पोरी, तुह्या बॉयलरमधी एवढी राख आली कुठून?”

मी म्हणाले, “तेच तर कळंना. पऱ्हाटीची स्वतःची राख एवढी नसती.”

शेजारची काकू, जी कुठल्याही मयतीत हसू आणू शकते, ती खो खो हसायला लागली. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या.

“अवो, राख कुठून म्हणजे? मपल्या हातानं टाकली की! दोन टोपले!”

“कशावर?”

“गंजीवर. वाळवी लागू नाही म्हणून. ” काकूनं मावशीकडं बोट केलं. “तू बी टाकली, ही बी टाकली. प्रत्येक थरावर टाकली. आपल्या ह्या डॉक्टरीणबाईचा माल हाय, किडा लागला तर नाक कापलं जाईल, म्हणून जरा जास्तच टाकली.”

आमच्याकडं ही रीतच आहे. सरपणाची गंजी रचली की चुलीतली राख तिच्यावर शिंपडायची, म्हणजे वाळवी चढत नाही. आजीही तेच करायची, आईही तेच करते. मी त्याच घरात वाढले, तीन वर्षं पऱ्हाटीवर संशोधन केलं, जाडजूड पुस्तकं वाचली, आणि गंजीवर राख असते हे मला दिसलंच नाही. दिसत होतं, रोज दिसत होतं. पण मोजायच्या गोष्टीत ते कधी धरलंच नव्हतं. दोन महिने राख थराथरांत झिरपली, कुट्टीबरोबर बारीक झाली आणि माझ्या बॉयलरमध्ये जाऊन काच झाली.

मग काकूच म्हणाली, “आता गप बसायचं. झाडून देऊ माल. कुणाला काय कळायलंय?”

“न्हाई,” मावशी म्हणाली.

“कामून न्हाई? उद्या साहेब म्हणंल, बघा, भेसळ कबूल केली.”

“म्हणू दे. राख आपण टाकली, आपणच सांगायचं. चोरी केली न्हाई, जपणूक केली. आपणच लपवलं तर त्यानं लिहिलेलं खरं होतं.” मग ती माझ्याकडं वळली. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. “आणि तू. त्या ट्रॅक्टरवाल्याचं काय करायलीस?”

बुधवारी सकाळी मी ट्रॅक्टरवाल्याच्या घरी गेले. तो ओट्यावर दाढी करत बसला होता. साबण तसाच ठेवून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मी माफी मागितली. मनापासून मागितली.

“झालं?” तो म्हणाला.

“झालं.”

“ताई, आरोप केला तव्हा पाचशे कागद काढले. माफी एकट्याला कामून? माझ्या सासुरवाडीला बी तुमचा कागद पोचला. मेव्हणा फोन करून इचारायलाय, दाजी, मातीचा धंदा कधीपासून?”

घरी आले आणि आयुष्यातलं सगळ्यात अवघड पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत आरोपी सापडला पाहिजे, हा नियम मी तिथंही पाळला. ‘मी खोटं लिहिलं.’ खाली माझं नाव. पाचशे प्रती. त्याच गिरणीवर, त्याच टपरीवर, जिथं पहिलं पत्रक होतं बरोबर त्याच्यावर चिकटवलं. टपरीवाला म्हणाला, “ताई, हे पहिल्यापेक्षा जास्त लोक वाचायलेत.” संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. तो म्हणाला, “माल कधी भरायचा तेवढं सांगा.” बाकी काही बोलला नाही. तो माणूस माझ्याहून मोठा आहे, हे मी इथं लेखी देते.

आता काम. गुरुवारी मी प्रयोगशाळेत दोन मुशी भट्टीत ठेवल्या. मूस म्हणजे उष्णता सोसणारी लहानशी वाटी. एकीत गंजीतली पऱ्हाटी, दुसरीत शेताच्या कोपऱ्यात उपटायची राहून गेलेली, जिला कधी राख लागली नव्हती ती. जळून झाल्यावर झाकण काढलं. दुसऱ्या मुशीच्या तळाला चिमूटभर पांढुरका थर. पहिली अर्धी भरलेली. मग दोन्ही राखांचे बोटाच्या पेराएवढे शंकू केले आणि तापवत नेले. गंजीतल्या राखेचा शंकू आधी वाकला, मग डोकं टाकून बसला. दुसरा ताठ उभा. मी काचेतून त्याच्याकडं बघत होते आणि प्रयोगशाळेतल्या शांततेत मोठ्यानं म्हणाले, “उभा राहा रे बाबा, असाच उभा राहा.” शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली.

तिकडं गावात बायकांनी माझी वाट पाहिली नव्हती. अजून अर्ध्याहून जास्त पऱ्हाटी कुट्टी न करता गंजीत होती. त्यांनी गंजी पूर्ण उसवली. एकेक मोळी सोडली, दगडावर आपटून झाडली, राखेचे ढग उठले. डोक्याला पदर बांधलेल्या बावीस बायका, सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. मग चाचणीला लागेल तेवढ्याची कुट्टी केली आणि खळ्यावर धान्य उफणतात तशी ती वाऱ्यावर उफणली. उरलीसुरली धूळ उडून गेली, तुकडे खाली पडले. हे मी सांगितलेलं नव्हतं. माझ्या कुठल्या पुस्तकातही नव्हतं. मी विचारलं तर मावशी म्हणाली, “ज्वारी उफणायला आमाला कोणी सांगितलं व्हतं?”

उरला प्रश्न वाळवीचा. राख टाकायची नाही तर पुढच्या वर्षी गंजी टिकायची कशी? त्यावर दोन तास वाद झाला. शेवटी त्यांनी ठरवलं: गुडघाभर उंच दगड रचायचे, दगडांवर आडव्या बल्ल्या, बल्ल्यांवर पऱ्हाटी. आणि राख टाकायची ती खाली जमिनीवर, दगडांच्या भोवती कडं करून. वाळवी जमिनीतून येते, तिची वाट राखेनं अडते. पऱ्हाटीला मात्र राख लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पहिली गंजी त्या पद्धतीनं उभी राहिली. मी वहीत तिचं चित्र काढलं.

शनिवारी आम्ही कारखान्यावर गेलो. या वेळी गेटबाहेर बसलो नाही. गेटवाल्याला मावशी म्हणाली, “साहेबाला सांगा, भेसळ करणाऱ्या बाया आल्यात, कबूल करायला.” तो आत पळाला. दोन मिनिटांत आम्ही साहेबांच्या खोलीत होतो. साहेबांनी खरोखरच कबुलीजबाबाची तयारी केली होती. पेन हातात, कागद पुढं.

मावशीनं पदराखालून एक वाटी काढली आणि टेबलावर ठेवली. वाटीत चुलीतली राख.

“हे व्हतं तुमच्या मालात. आमीच टाकलं. वाळवी लागू नाही म्हणून.”

“म्हणजे भेसळ मान्य आहे?”

“साहेब, तुमच्या घरी गव्हाच्या कोठीत लिंबाचा पाला टाकतात का न्हाई?”

“टाकतात.”

“मग पोळीत पाला खाता का तुमी?”

दारात चाचा उभा होता, तो तोंड फिरवून खोकला. खोकला नव्हता तो.

“गहू दळायच्या आधी पाला निवडून काढायचा असतो, हे तुमच्या बाईला ठाऊक असतं,” मावशी पुढं म्हणाली. “राख झाडून द्यायची असती, हे आमाला ठाऊक नव्हतं. बॉयलर आमी कधी बघितलाय? तुमी इचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. तुमी इचारलं न्हाई, लिहिलं.”

मी दोन मुशी आणि दोन शंकू टेबलावर मांडले. साहेब इंजिनिअर होते. बसलेला शंकू आणि उभा शंकू यातला फरक त्यांना समजावून सांगावा लागला नाही. पण मोठा बॉयलर बंद पडला त्याची झळ त्यांना वरून बसली होती, आणि ते सहजासहजी मानायला तयार नव्हते.

“मोठं नुकसान झालंय मॅडम. परत धोका कोण घेणार?”

“मैं लेता,” चाचा दारातून म्हणाला. “एक पाळी द्या साहेब. माझ्या हातानं चालवतो. गोळा बसायला लागला तर पहिल्या तासात मला कळंल.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, “सोमवारी सकाळची पाळी. एक. जाळीवर एक जरी गोळा सापडला तर पुन्हा या गेटवर दिसायचं नाही.”

“आणि न्हाई सापडला तर?” काकूनं विचारलं.

“तर बघू.”

“बघू न्हाई. लिहू म्हणा. तुमाला लिहायची सवय हाय.”

सोमवारी सकाळी सातला ट्रॅक्टर आत गेला. तीन पाट्या कोळसा, एक पाटी आमची कुट्टी, असा चाचानं ताल धरला. बायका बॉयलरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या. उष्णतेनं चेहरे लाल झालेले. चाचानं एकेकीला बोलावून निळ्या काचेतून आत बघू दिलं. काकू बराच वेळ बघत राहिली. “आमच्या चुलीत एवढा इस्तू असता तर पुरणपोळी दोन मिनिटांत,” ती म्हणाली. साहेब दर तासाला येऊन मीटर बघून जात होते. आधी पाच मिनिटं थांबायचे. दुपारनंतर खुर्ची मागवून तिथंच बसले.

तीन वाजता पाळी संपली. चाचानं छोटं दार उघडलं, लांब सळई घेतली आणि जाळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली. मागच्या वेळी ही सळई वीतभर जाऊन अडकली होती. या वेळी ती सरळ गेली. परत आली. पुन्हा गेली. मोकळी, खडखड आवाज करत. खाली पडली ती भुसभुशीत राख, पिठासारखी.

चाचानं सळई वर धरली. “साफ!”

मग जे झालं ते कारखान्यानं पूर्वी कधी पाहिलं नसेल. बावीस बायका बॉयलरच्या खोलीत टाळ्या वाजवत उभ्या, मावशी चाचाचे हात हातात घेऊन, काकू साहेबांच्या खुर्चीभोवती फुगडीला जोडीदार शोधत. ट्रॅक्टरवाला बाहेरून हॉर्न वाजवत होता. मी रडले. पत्रकात असं लिहीत नाहीत, पण रडले.

साहेब रजिस्टर घेऊन आले. ‘चाचणी यशस्वी. पुरवठा पूर्ववत,’ असं नव्या पानावर लिहायला लागले. मावशीनं पानावर हात ठेवला.

“आधी जुनं खोडा.”

“त्याची गरज नाही. नवीन नोंद केली की जुनी आपोआप...”

“आपोआप काही होत नसतं. ते पान काढा. लाल पेन घ्या. जिथं लिहिलंय तिथंच खोडा आणि खाली सही करा.”

मी त्या साहेबांना इतके दिवस मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! पण ही गोष्ट लिहिली पाहिजे: त्यांनी पान उलटलं, लाल पेन मागवलं, ‘मालात भेसळ’ आणि ‘पुरवठा बंद’ ही वाक्यं खोडली, ‘विश्वासार्ह नाही’ यातला ‘नाही’ खोडला, आणि शेजारी सही केली. मग हळूच म्हणाले, “विचारायला पाहिजे होतं.” मावशी म्हणाली, “आता इचारता की.” मुद्दा तिथं संपला.

बुधवारी मुकादमाचा टेम्पो वस्तीवर आला. रिकामा. बायका गंजीवर होत्या, दगडांच्या कड्याला राख घालत. त्यानं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, उतरून आला. “चला की बायांनो, उशीर होतो.” काकू वरून ओरडली, “दादा, लेकरांचा गणिताचा पेपर हाय उद्या. तुमी द्यायला बसता का?” टेम्पो वळवताना त्याचं मागचं चाक खड्ड्यात गेलं, आणि आमच्याच चौघीजणींनी ढकलून ते बाहेर काढून दिलं. गेला तसाच, मोकळा.

या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, हा नियम विद्यापीठातल्या बहुतेक लोकांना माहीत नाही. मला माहीत होता. पहिल्या रांगेत बावीस बायका बसल्या. उंचावर गंजी आणि जमिनीवर राखेचं कडं, ही पद्धत मी प्रबंधाच्या मुख्य प्रकरणात घातली होती, ती कुणी शोधली त्या नोंदीसकट. सरांनी आधी ते आभाराच्या पानावर घालायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले, आणि या वेळी सरांनी वाद घातला नाही.

बाहेरच्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “या पद्धतीनं वाळवी येत नाही याला आधार काय? संदर्भ कुठला?”

“संदर्भ पहिल्या रांगेत बसलाय सर. विचारा.”

सभागृहात कुजबुज झाली. परीक्षकांनी खरंच विचारलं. मावशी उभी राहिली, पदर सारखा केला.

“एक अख्खा पावसाळा काढलाय साहेब गंजीनं. वाळवी तुमच्या बुटात शिरंल, पर आमच्या पऱ्हाटीत न्हाई. खोटं वाटत असलं तर चला, एसटी साडेचारला हाय.”

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, “येतो.” आणि आले. गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला, कुट्टी हातात घेऊन फुंकली, मावशीकडचा चहा प्यायला. पदवी मला मिळाली. गावात मात्र पेढे वाटताना ‘आमाला डॉक्टरकी मिळाली’ असंच सांगितलं गेलं, आणि ते बरोबर आहे.

आमचं गाव जिंकलं. तालुक्यातली बाकीची गावं अजून जिंकलेली नाहीत. त्या लाल शेऱ्याची नक्कल तेव्हा दुसऱ्या दोन कारखान्यांत पोचली होती, आणि खोडलेल्या पानाची नक्कल कुणी पाठवली नाही. त्यामुळं ‘पऱ्हाटी म्हणजे भेसळ’ असं धरून त्या गावांतल्या बायकांचा माल तिथून अजून न तपासताच परत जातो.

म्हणून तुम्हाला सांगते, थेट तुम्हालाच. तुमच्या गावाजवळ कोळशाचा बॉयलर असलेला कारखाना असेल. उद्या सकाळी त्याच्या गेटवर जा. एकटे जाऊ नका, ज्यांचा माल परत गेला त्यांना बरोबर घ्या. आत जाऊन तीनच गोष्टी विचारा: यांची पऱ्हाटी तपासली का, कधी तपासली, आणि कुणासमोर तपासली? ‘बघू’ म्हणाले तर खुर्ची ओढून बसा. उत्तर कागदावर, सहीनिशी हातात पडेपर्यंत उठू नका.